रत्नपारखी वकिलाचा जुळा भाऊ

“मालक, ह्यो रत्नपारखी कोन?”

बापू सुतार वामनरावांचं हस्तलिखित घेऊन माझ्या टेबलापाशी उभा होता. आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांत तो सगळ्यांत जुना.

“असेल कुणीतरी. जुळव तू.”

“जुळवतो की. पर सात फॉर्म म्याच जुळवल्यात. त्यात ह्या नावाचा मानूस न्हाई. आन् हितं तर त्योच खुनी निघालाय.”

मी कागद घेतले आणि उभ्याउभ्याच वाचले. वाचून झाल्यावर बसलो. बापू खोटं सांगत नव्हता. एकशे बारा पानं एका बंगल्यात चार माणसांवर संशय घेत कथा पुढे सरकली होती आणि शेवटच्या सोळा पानांत पाचवाच माणूस दारातून आत येऊन म्हणत होता, की खून मी केला.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि नाटकांची हँडबिलं छापणारा मी भूपाल मगदूम स्वतःला प्रकाशक म्हणवून घेत होतो, ते फक्त गुप्तहेर सरंजाम्यांच्या जिवावर. दर दोन महिन्यांना सरंजाम्यांची एक रहस्यकथा निघायची. बेळगावपासून साताऱ्यापर्यंत लायब्ररीवाले तिची वाट बघायचे. लिहायचे वामनराव हेर्लेकर. कोर्टात शिरस्तेदार म्हणून उभी हयात गेलेली, त्यामुळे खून, खोटी साक्ष आणि भाऊबंदकी यांना त्यांच्याकडे तोटा नव्हता. माणूस मात्र असा, की बाजारात भाजी महाग लावली तरी निमूटपणे घेऊन येणार.

आता हा रत्नपारखी. बापूला आठवत नव्हतं, पण मला आठवत होतं. आठेक वर्षांपूर्वीच्या ‘तळघरातला सतारिया’ या पुस्तकात रत्नपारखी नावाचा एक वकील होता. फार झकास जमलेला खुनी. त्याला सरंजाम्यांनी पकडला होता आणि शेवटच्या पानावर आम्ही त्याला रीतसर फाशी दिली होती. मग तो आता पन्हाळ्यावरच्या बंगल्यात आला कसा? वामनरावांनी त्याची सोय केली होती. हा तो नव्हेच, हा त्याचा जुळा भाऊ.

मी कपाळावर हात मारला.

वेळ जरा बरी असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण वेळ बरी नव्हती. मागची दोन पुस्तकं थंड गेली होती. पुण्याहून रंगीत कव्हरांच्या नव्या मालिका येऊ लागल्या होत्या आणि आमचे सरंजामे अजून धोतर नेसून टांग्यातून फिरत होते. आमची निम्मी पुस्तकं उचलायचे ते मिरजेचे शेडबाळे. त्यांनी मागच्याच महिन्यात मला समोर बसवून सांगितलं होतं, “मगदूम, आपला स्नेह आहे म्हणून स्पष्ट बोलतो. एक चांगलं द्या. हेही पडलं तर पुढचं मी घेणार नाही. मग बाकीचेही घेणार नाहीत.”

आणि मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, “या वेळचं वाचाच तुम्ही.”

म्हणालो होतो, कारण या वेळची गोष्ट खरोखर नामी होती. वामनरावांनी ती मला आधीच सांगितली होती. पन्हाळ्यावरच्या बंगल्यात एका पेन्शनर मामलेदाराचा खून होतो. घरात पुतण्या, डॉक्टर, एक पेटीमास्तर आणि मामलेदाराची विधवा बहीण. वाचणारा पुतण्या आणि डॉक्टर यांच्यात हेलपाटे घालतो आणि खून केलेला असतो बहिणीने. भावाने जन्मभर तिला घरात ठेवलं, सगळं दिलं, आणि रोज दिल्याचं बोलून दाखवलं. मला ऐकताना अंगावर काटा आला होता. वामनरावांच्या हातून इतकं चांगलं काही फार दिवसांत झालं नव्हतं.

यात आमची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खिळे मोजके असल्यामुळे आम्ही सोळा पानांचा एक फॉर्म जुळवायचो, छापायचो, आणि तेच खिळे सोडवून पुढच्या फॉर्मला घ्यायचो. म्हणजे छापलेलं मागे जाऊन बदलता येत नसे. पहिले सात फॉर्म छापून झाले की आम्ही काम थांबवायचो. ते सुटे कागद घडी घालून वामनरावांच्या घरी जायचे, अनसूयावहिनींकडे. त्या एका दुपारीत सगळं वाचून काढायच्या. रविवारी मी त्यांच्याकडे जायचो. वहिनी पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि खुनी कोण ते सांगायच्या. नाव चुकलं तर ठरलेला शेवट छापायचा. बरोबर आलं तर वामनरावांनी दोन दिवसांत शेवट बदलून दुसरा खुनी करायचा.

वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. पण खुनी ओळखण्यात भल्याभल्यांना ऐकत नसत. त्यांचं गणितच निराळं होतं. पुरावे बघायच्याच नाहीत. “हे ज्याच्याबद्दल दोन शब्द जास्त चांगले लिहितात ना भाऊजी, तो खुनी,” असं मला त्यांनी एकदा हळूच सांगितलं होतं. नाव बरोबर आलं की वामनराव काही न बोलता आत जाऊन पाणी पिऊन यायचे. वहिनी माझ्याकडे बघून हसायच्या आणि मला कळायचं, की छापखाना आणखी दोन दिवस बंद. वाचक म्हणायचे, सरंजाम्यांचा खुनी शेवटपर्यंत ओळखू येत नाही. कसा येईल? वहिनींच्या चाळणीतून खाली पडलेला असायचा तो.

त्या रविवारी मात्र मी निपाणीला पुतण्याच्या लग्नात अडकलो होतो. नाव सांगायचं काम माझ्यामागे झालं आणि मंगळवारी बापूच्या हातात हे आलं.

संध्याकाळी वामनराव नेहमीसारखे छापखान्यात आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“वहिनींनी ओळखलं वाटतं,” मी म्हणालो.

“हो, ओळखलं.”

“बहीण?”

ते काही बोलले नाहीत. मी ते ‘हो’ धरलं.

“मग डॉक्टर करा की खुनी. पेटीमास्तर करा. कुणीही करा, पण घरातला करा. हे काय वामनराव? जुळा भाऊ? लोक पुस्तक फेकून मारतील मला.”

“मारतील,” ते म्हणाले.

“आणि रत्नपारखीच का? ज्याला आपण स्वतः फाशी दिली, त्याचा भाऊ?”

“मगदूम, तेवढं छापा.”

“शेडबाळे काय म्हणालेत ते मी तुम्हाला सांगितलंय. हे पुस्तक पडलं तर सरंजामे संपले. तुमचे आणि माझेही.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“तेवढं छापा,” त्यांनी परत सांगितलं. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे हट्ट म्हणून कधी केला नव्हता. एखादं प्रकरण गाळा म्हटलं की गाळायचे. मला राग आला. मी म्हणालो, “मी हे असं छापणार नाही. दोन दिवस देतो. दुसरा शेवट आणा. नाहीतर मी तुमचा जुनाच शेवट छापतो, वहिनींनी ओळखलेला असला तरी. बाकीच्यांना तर तो ओळखू येणार नाही.”

वामनरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेले. हो नाही, ना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते पेन्शन आणायला गेले असणार हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच गेलो. वामनरावांना वळवायचं तर वाट वहिनींकडून जाते, हे इतक्या वर्षांचं माझं शिक्षण.

वहिनी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला सारलं.

“या भाऊजी. रविवारी आला नाहीत तुम्ही.”

“निपाणीला लग्न होतं.”

“हो का? आणि आप्पा बरे आहेत ना? गुडघ्याचं काय म्हणतात?”

माझे वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. वहिनी तेव्हा आमच्या घरी येऊन माझ्या आईजवळ दिवसभर बसून राहिल्या होत्या. मला वाटलं, बोलता बोलता नावं इकडची तिकडे झाली असतील. होतं असं. मी म्हणालो, “बरं आहे सगळं.”

“पोहे करते,” असं म्हणून त्या आत गेल्या. कढईचा आवाज आला, फोडणीचा वास आला. पोहे आले तेही नेहमीसारखेच, वर ओलं खोबरं. मी खाता खाता विषय काढला.

“वहिनी, या वेळी तुम्ही ओळखलंत म्हणे.”

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यात मागच्या दहा वर्षांतले सगळे रविवार दिसले.

“ओळखलं तर. आणि एका दमात. यांनी विचारलं, ‘कोण?’ मी म्हणाले, ‘रत्नपारखी वकील.’ नुसते बघत राहिले माझ्याकडे.”

घास माझ्या तोंडातच राहिला.

“रत्नपारखी,” मी म्हणालो.

“मग? किती गोड बोलतो तो. सतार काय वाजवतो. यांनी त्याच्याबद्दल इतकं चांगलं लिहिलं, तिथेच म्हटलं, हाच.” मग त्या पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांगा भाऊजी. हे मला बरं वाटावं म्हणून तर ‘बरोबर’ म्हणाले नसतील? त्यांचं काही सांगता येत नाही. तुम्हाला तर खरा शेवट माहीत असतो. बरोबर आहे ना माझं?”

सुटे सात फॉर्म कोनाड्यात नीट घडी घालून ठेवलेले मला तिथून दिसत होते. त्यात रत्नपारखी नव्हता आणि सतारही नव्हती.

मी व्यवहारी माणूस आहे. खोटं बोलायला मला जड जात नाही, पण त्या वेळी शब्द लवकर आले नाहीत. तेवढ्यात फाटक वाजलं आणि वामनराव आत आले. मला बघून दारातच थांबले. वहिनींनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत परत विचारलं, “सांगा ना.”

“बरोबर आहे वहिनी,” मी म्हणालो. “रत्नपारखीच.”

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की तो मला ऐकू आला. मग उठून त्या वामनरावांसाठी पोहे आणायला आत गेल्या.

आम्ही दोघं बाहेर पडलो. मी सायकल हातात धरून चाललो होतो. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी आलो. गिरणीच्या आवाजात वामनराव बोलायला लागले, म्हणून मला जवळ जाऊन ऐकावं लागलं.

“दोन महिन्यांपूर्वी अंबाबाईच्या देवळातून घरी यायला हिला वाट सापडली नाही. एका ओळखीच्या बाईने आणून सोडलं. तेव्हापासून घाबरली आहे. हिच्या आईचं असंच झालं होतं. शेवटी मुलांनाही ओळखत नव्हती. हिने ते सगळं काढलंय.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर म्हणतात, वय. मग हिने स्वतःच परीक्षा ठरवली. मला म्हणाली, या वेळचं पुस्तक येऊ दे. खुनी ओळखता आला तर डोकं शाबूत आहे. नाही ओळखता आला तर मी समजून चालेन, की माझंही आईसारखं व्हायला लागलं. आणि मग मला अंधारात ठेवू नका, म्हणाली.”

“आणि रविवारी—”

“रविवारी मी विचारलं आणि तिने ते नाव घेतलं. जे पुस्तकातच नाही.”

माझ्यातला धंदेवाला जागा झाला. त्याला झोपवणं मला कधीच जमलं नाही.

“मग सोपं आहे की वामनराव. तुम्ही ‘बरोबर’ म्हणालातच. आपली रीतच आहे, ओळखलं की शेवट बदलायचा. रत्नपारखीच्या जागी बहीण करायची आणि वहिनींना सांगायचं, तुम्ही ओळखलंत म्हणून बदलला. त्यांचंही समाधान आणि पुस्तकही वाचलं.”

“तुम्हाला काय वाटलं, हे मला सुचलं नाही?” वामनराव पहिल्यांदाच जरा हसले. “खून रचण्यात आयुष्य गेलं माझं. पण तिने तोंडच बंद केलंय. म्हणाली, या वेळी शेवट बदलायचा नाही. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाल. मला छापलेलं दाखवा. मी छापलेल्यावर विश्वास ठेवीन.”

“मग एकच प्रत तशी छापतो. त्यांच्यापुरती. बाकी सगळ्या बहिणीच्या.”

“आमच्या आळीतल्या सगळ्या बायका लायब्ररीतून पुस्तक आणतात आणि दुपारी हिच्याजवळ येऊन बसतात. लेखकाची बायको म्हणून वाद घालतात. दोन दिवसांत दोन्ही शेवट समोरासमोर येतील. तेव्हा तिला काय सांगू?”

ही गाठ सरंजाम्यांनाही सुटली नसती.

“जुनाच शेवट छापायचा तर छापा,” वामनराव म्हणाले. “मालिका तुमची आहे. तुमच्या पोटावर पाय द्यायचा मला हक्क नाही. फक्त दोन दिवस आधी सांगा. म्हणजे मी तिला आधी माझ्या तोंडाने सांगेन. पुस्तकातून कळायला नको.”

ते परत फिरले. मी गिरणीपाशी उभा राहिलो. मला त्यांचा फार राग आला होता. विनवणी केली असती, पाया पडले असते, तर मला नाही म्हणता आलं असतं. या माणसाने माझ्या हातात सगळं ठेवलं आणि पोहे खायला घरी गेला.

छापखान्यात आलो तर बापू खिळ्यांच्या खणांपुढे विडी ओढत बसला होता.

“काय करायचं मालक? त्यो वकील ठेवायचा का काढायचा?”

“ठेव.”

“लई पडंल पुस्तक.”

“पडू दे,” मी म्हणालो.

पुस्तक पडलं. असं तसं नाही, चारी मुंड्या चीत पडलं. ‘पन्हाळ्यावरचा पाहुणा’ निघाल्यावर पंधरवड्यात शेडबाळे स्वतः मिरजेहून एसटीने आले. चहासुद्धा घेतला नाही.

“जुळा भाऊ, मगदूम? लोक काय खुळे आहेत का?”

“चुकलं आमचं.”

“चुकलं कसलं? म्हातारा भ्रमिष्ट झालाय तुमचा. आपण कुणाला फासावर दिलं तेही त्याला आठवत नाही.”

मी त्यांना खरं सांगू शकलो असतो. शेडबाळे वाईट माणूस नव्हते, ऐकून डोळ्यांत पाणी आणलं असतं त्यांनी. पण मग ते मिरजेला सांगितलं असतं, मिरजेहून सांगलीला गेलं असतं, आणि सांगलीहून कोल्हापूरला यायला एसटीचीसुद्धा गरज लागली नसती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पत्रंही आली. इचलकरंजीच्या एका वाचकाने शेवटची सोळा पानं फाडून परत पाठवली आणि वर लिहिलं, ‘हे तुमचं तुमच्याकडे ठेवा.’ लायब्ररीवाल्यांनी कुणी मोघम, कुणी तोंडावर, पुढचं पुस्तक नको असं कळवलं. तरी मी आशा सोडली नव्हती. वामनरावांकडे पुढची एक कल्पना होती, पंचगंगेच्या घाटावरची. सुरुवातीची काही पानं त्यांनी लिहूनही काढली होती. एक जबरदस्त पुस्तक द्यायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, असा माझा बेत होता. सलग तीन वाईट गेल्यावर चौथं चांगलं निघालं, की लोक आधीची विसरतात. धंद्यात हे बघितलेलं आहे.

वहिनींचं मात्र फार छान चाललं होतं. छापलेलं पुस्तक हातात पडल्यावर त्यांनी शेवटचं पान दोनदा वाचलं आणि मग देवापुढे नेऊन ठेवलं, असं वामनरावांनी मला सांगितलं. महिनाभर त्या गाढ झोपत होत्या. शेजारपाजारच्या बायकांनी नाकं मुरडली, तर त्यांनाच चार शब्द सुनावत होत्या.

सव्वा-दीड महिन्याने मी ती घाटाची पानं आणायला वामनरावांकडे गेलो. वहिनी खिडकीपाशी चष्मा लावून पुस्तक वाचत बसल्या होत्या. कव्हरवरून मी ओळखलं, तेच होतं. वामनराव खुर्चीवर. मी बसतो न बसतो तोच वहिनींनी पुस्तक मिटून चटईवर ठेवलं.

“भाऊजी, तुम्ही हे छापलंत कसं?”

मी वामनरावांकडे बघितलं. त्यांनी जराशी मान हलवली. त्यांनाही काही कळलं नव्हतं.

“का वहिनी?”

“का म्हणजे? हा रत्नपारखी आला कुठून? पहिल्यापासून वाचलं मी आज. याचं नाव नाही की गाव नाही. शेवटी एकदम दारात हजर. आणि म्हणे जुळा भाऊ.” त्या वामनरावांकडे वळल्या. “अहो, त्याला तुम्ही फाशी दिली होती, त्या सतारीच्या पुस्तकात. खून बहिणीने केलाय. सरळ दिसतंय. किती चांगलं लिहिलंय तुम्ही तिच्याबद्दल. भावाचं ताट वाढताना तिचा हात थांबतो, तिथे मला रडू आलं. आणि मग हे काय केलंत?”

वामनराव पुतळा झाले होते. मला मात्र लपवता येईना. वहिनी परत आल्या होत्या. पूर्वीच्याच, चष्म्यावरून बघणाऱ्या. इतका आनंद मला कुठलंही पुस्तक खपल्यावर झाला नव्हता. मला वाटलं, वामनराव आता उठतील आणि पाणी प्यायला आत जातील.

ते उठले नाहीत. कारण वहिनींचा आवाज बदलला होता.

“तुम्हाला आठवलं नाही का, त्याला फाशी दिली ते?”

वामनराव चटईवरच्या पुस्तकाकडे बघत राहिले.

“तुम्ही स्वतः लिहिलेलं तुम्हाला आठवलं नाही?”

हे नाव वहिनींनी दिलं होतं, हे त्या खोलीत आम्हा दोघांना माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. मी तोंड उघडणार होतो. काय सांगणार होतो, देव जाणे. माझ्या हातून चूक झाली, छापखान्यात कागद बदलले, काहीतरी. वामनरावांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मला थांबवलं.

“नाही आठवलं,” ते म्हणाले.

वहिनी उठल्या. त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. माझ्यासमोर असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. त्या पिढीत कुणी करत नसे.

“केव्हापासून होतंय असं?”

“थोडे दिवस झाले.”

“मला सांगितलं का नाहीत? आईचं असंच सुरू झालं होतं. मी बघितलंय सगळं. मला कळतं काय करायचं ते.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खंबीर होता. आप्पांच्या गुडघ्याची चौकशी करणाऱ्या, सूप बाजूला सारणाऱ्या बाईचा. “घाबरायचं नाही. मी आहे. काही आठवेनासं झालं तर मला विचारायचं. लाजायचं नाही.”

“विचारीन,” वामनराव म्हणाले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, तुमचा धंदा आहे, मला कळतं. पण आता यांच्यामागे लिहिण्याचा तगादा लावू नका. डोक्याला ताण नको. लोक हसतील असं काही यांच्या हातून परत निघायला नको. ते मला सहन होणार नाही.”

घाटावरच्या गोष्टीची पानं वामनरावांच्या मांडीवर होती. माझ्यासाठीच आणून ठेवलेली. त्यांनी ती उचलली आणि वहिनींच्या हातात दिली.

“तू म्हणतेस तर थांबतो,” ते म्हणाले.

सरंजाम्यांचं पुस्तक त्यानंतर निघालं नाही. आमच्या लाइनीत अजूनही जुनी माणसं भेटली की सांगतात, हेर्लेकरांचं शेवटी डोकं गेलं, एका टुकार पुस्तकाने चांगली मालिका बुडाली. मी हो म्हणतो. लग्नपत्रिका छापून माझं आयुष्य बरं गेलं.

पुढची तीन-चार वर्षं मी अधूनमधून त्यांच्याकडे जात राहिलो. वहिनी हळूहळू उतरत गेल्या, पण त्यांना ते कळलं नाही. त्या वामनरावांना सांभाळण्यात गुंतलेल्या असत. वामनरावही त्यांना काम पुरवत. माझा चष्मा कुठे गं, मी आंघोळ केली का गं, हे कोण आलेत, मगदूमच ना? त्या सांगायच्या आणि हे मान डोलवायचे. कधी उत्तर बरोबर असायचं, कधी नसायचं.

शेवटी गेलो तेव्हा सोमवार होता. मला पक्कं आठवतं, कारण सोमवारी आमचा छापखाना बंद असतो, म्हणूनच गेलो होतो. वामनरावांनी बसल्या जागेवरून विचारलं, “अगं, आज वार कोणता?”

वहिनींनी बराच वेळ विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, बोटं मोजली. मग म्हणाल्या, “गुरुवार.”

“गुरुवार,” वामनराव म्हणाले. “बघा, मी आपला सोमवार धरून बसलो होतो.”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या, खात्री करून घ्यायला.

“गुरुवारच आहे वहिनी,” मी म्हणालो.